पंप कोण बंद करतं?

‘फिल्टर चोंदलाय, मोटरवर लोड येतोय, म्हणून पंप सारखा बंद पडतोय.’ जलतरण तलावाचा पंप दर अर्ध्या तासाने थांबू लागला की हे निदान ठरलेलं. ऐकायला पटतं, पण आहे चुकीचं. तलावाचा पंप सेंट्रिफ्युगल जातीचा असतो, आणि या जातीत पाण्याची वाट अडली की मोटर जास्त नव्हे, कमी करंट ओढते.

इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, पाण्याला गरगर फिरवून कडेला फेकतो. मोटरची खरी मेहनत होते ती दर सेकंदाला आत येणाऱ्या नव्या पाण्याला वेग देण्यात. वाट बंद केली तर तेच पाणी जागच्या जागी फिरत राहतं, नवं ओझं येतच नाही. पटत नसेल तर फेजच्या एकट्या वायरवर टाँग टेस्टर (वायरला चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर) लावा आणि पंपानंतरचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळा. आकडा उतरताना दिसेल. (पंपाआधीचा, म्हणजे सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र आवळू नका, त्याने पाण्यात बुडबुडे होऊन इम्पेलर कुरतडला जातो.) उलट पुढची पाइप फुटली किंवा फिल्टर बायपास केला की करंट चढतो. तेव्हा फिल्टर जरूर धुवा, पण मोटर तापण्याचं खापर त्याच्यावर फोडू नका.

वाट पूर्ण बंद ठेवून पंप चालवणंही बरं नव्हे. आत कोंडलेल्या पाच लिटर पाण्यात ३०० वॅट उष्णता जात असेल, तर पाणी मिनिटाला जवळपास एक अंशाने तापतं. तासाभरात पीव्हीसीचे सांधे मऊ पडतात, शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील जातं.

मग बंद कोण करतं? संशयित चार. टायमर असेल तर पंप रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला थांबेल. जादा करंटला वीज तोडणारी एमसीबी असेल तर तिची दांडी खाली पडलेली दिसेल. गळती करंट ओळखणारी आरसीसीबी पडत असेल तर मोटरमध्ये ओल शिरली आहे, असं बहुतेक वेळा निघतं. अशा वेळी पंप आणि मोटर यांच्यामधल्या फटीतून पाणी ठिबकत असेल तर शाफ्टचं सील गेलंय. आणि यातलं काहीच नसेल, मोटर आपोआप थांबून वीस-तीस मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल, तर ते काम मोटरच्या पोटातल्या एका नाण्याएवढ्या चकतीचं. (ड्राइव्हवरचे बदलत्या वेगाचे पंप वेगळे. त्यांच्या पडद्यावर कोड येतो, तो पुस्तिकेत पाहावा.)

ही चकती दोन धातूंचे पत्रे एकमेकांवर चिकटवून केलेली असते. एक तापल्यावर भरपूर पसरणारा, समजा पितळ. दुसरा जवळजवळ न पसरणारा, समजा इन्व्हार. इन्व्हार म्हणजे ३६ टक्के निकेल घातलेलं लोखंड. शार्ल एद्वार गीयोम यांनी ते १८९६ मध्ये शोधलं आणि निकेल-पोलादांवरच्या याच कामासाठी त्यांना १९२० चं भौतिकीचं नोबेल मिळालं. दोन सेंटिमीटर रुंदीचं पितळ शंभर अंशांनी तापलं तर सुमारे ०.०३८ मिलिमीटर वाढतं, इन्व्हार ०.००२४. फरक केसाच्या जाडीहून कमी! एवढ्याशा फरकावर वीज तोडायची कशी?

युक्ती आकारात आहे. चकती सपाट नसते, किंचित खोलगट ठोकलेली असते. पत्र्याच्या डब्याचं फुगीर झाकण अंगठ्याने दाबून पाहा. बराच वेळ ते दाद देत नाही, मग एकदम ‘टक्’ करून आत जातं. मधल्या स्थितीत ते राहूच शकत नाही. चकतीतही ताण असाच साठत जातो आणि ठरावीक तापमानाला ती एका झटक्यात उलटते. हा झटका फार मोलाचा. संपर्कबिंदू हळूहळू उघडले असते तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळून ते जळले असते. आणि परत फिरायला चकतीला बरंच थंड व्हावं लागतं: १३० अंशांना उलटलेली चकती कदाचित ८० अंशांपर्यंत थांबेल. वीस-तीस मिनिटांचा खंड पडतो तो यामुळे. शिवाय मोटरचा करंट चकतीतूनच जातो, त्यामुळे तिला वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारांच्या वेटोळ्यांचा ताप लागतो आणि स्वतःचाही. म्हणून सावधान: मेन स्विच बंद केल्याशिवाय ‘थंडावलेल्या’ मोटरला हात लावू नका, ती न सांगता सुरू होते.

आता घड्याळ हातात घ्या. सुरू करताच नुसतं ‘घूं’ करून काही सेकंदांत थांबली, तर रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, फिरतच नाहीये. अशा वेळी करंट पाच-सहा पट असतो आणि उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे पंचवीस ते छत्तीस पट. इम्पेलरमध्ये खडा अडकलाय किंवा मोटरला फिरायला मदत करणारा कपॅसिटर गेलाय. कपॅसिटर काढण्याआधी त्यात साठलेली वीज रोध (रेझिस्टर) लावून उतरवा आणि मीटरवर मोजा. २५ मायक्रोफॅरड, ±५ टक्के लिहिलं असेल तर २३.७५ ते २६.२५ च्या आत हवा. १८ दाखवत असेल तर बदला. असा कमजोर कपॅसिटर मोटर फिरवतो खरा, पण तापवत तापवत.

वीस-चाळीस मिनिटांनी थांबत असेल तर आधी मोटरच्या मागची, हवा आत घेणारी जाळी पाहा. पालापाचोळा, कोळिष्टकं, किंवा पावसापासून वाचवायला गुंडाळलेलं प्लास्टिक, जे मोटरचा श्वासच कोंडतं. मग वीज बंद करून पंखा हाताने फिरवा; खरखरला तर बेअरिंग.

शेवटी व्होल्टेज मोजा, पण पंप चालू असताना आणि मोटरच्या टर्मिनलवर. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम. पंप ५० मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर, ०.७४ ओहम. ८ अँपिअरला ६ व्होल्ट पडतात, ठीक. सुरू होताना ४५ अँपिअरला ३३ व्होल्ट पडतात आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने घटत असल्याने २३० व्होल्टची मोटर जेमतेम पाऊण ताकदीने उठते. इथे तार जाड करावी लागते. सॉकेटमध्ये खोचायची ‘वीज वाचवणारी’ डबी इथे काहीही करत नाही. तिच्यात असलाच तर एक छोटा कपॅसिटर असतो, आणि मोटरच्या वाइंडिंगमधला करंट त्याने तसूभरही कमी होत नाही.