कॉम्प्रेसर ‘गेलो’ म्हणजे नेमकं काय झालं?

मे महिन्यात मालवणात एका लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टकं संपायच्या आत हॉलचा एसी बंद पडला. खोड जात नाही, म्हणून अक्षता टाकून मेकॅनिकच्या मागोमाग गच्चीवर गेलो. त्याने मेन स्विच पाडला, कॉम्प्रेसरच्या तीन टर्मिनलांवर मल्टिमीटर टेकवून पाहिला आणि हॉलमालकांना म्हणाला, “गेलो. नवो घालूचो लागतलो.” गेल्या वर्षीच बदलला होता म्हणे. दिष्ट लागू नये म्हणून युनिटला लिंबू-मिरचीही टांगलेली.

मीटरचा आकडा खरा होता, पण त्याचा अर्थ दुसराच होता.

द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते, वाफेचा द्रव होताना ती बाहेर पडते, हे आपण शाळेत शिकलो. एसीतला गॅस खोलीतली उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये तो ती सोडून देतो. पण कॉम्प्रेसरच्या सीलबंद लोखंडी डब्यात मोटरही असते, आणि तिला पंखा नसतो. खोलीकडून परतणारा थंड गॅसच तिला गार ठेवतो. गॅस गळून कमी झाला, तर मोटर भाजते. बाहेरची कॉइल उष्णता सोडेनाशी झाली, तरी भाजते. कारण आर-410ए या गॅसचा दाब 50 अंशांना वातावरणाच्या साधारण 30 पट असतो आणि 60 अंशांना 38 पट. एवढ्या दाबाविरुद्ध ढकलायचं, तर मोटर जास्त करंट ओढणारच.

मोटर जळू नये म्हणून अशा बऱ्याच कॉम्प्रेसरच्या पोटात तापल्यावर वाकणारी दोन धातूंची चकती असते. गंमत ती कुठे बसवलेली असते त्यात आहे. कागदावर इंग्रजी वाय काढा. तीन पाय म्हणजे मोटरची तीन वाइंडिंग (तारेची वेटोळी), बाहेरची टोकं क, ख, ग. मधल्या सांध्यावर चकती. क पाय खरोखर तुटला, तर क-ख आणि ग-क या जोड्या मीटरवर तुटलेल्या दिसतील, पण ख-ग शाबूत राहील. चकतीने सांधा उघडला, तर तिन्ही जोड्या एकदम तुटलेल्या दिसतील. मेकॅनिकला तिन्ही तुटलेल्या दिसल्या होत्या. तीन वाइंडिंग एकाच क्षणी तुटण्यापेक्षा चकती उघडली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि तो जड डबा निवायला तासभर, कधी कित्येक तास लागतात. (घरी पाना घेऊन बसू नका. कपॅसिटरमध्ये स्विच पाडल्यावरही वीज शिल्लक असते.)

पंगती उठेपर्यंत थांबलो. पुन्हा मीटर लावला, तर तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे. टर्मिनल आणि बॉडी यांच्यातही काही लागत नव्हतं, म्हणजे वाइंडिंग शाबूत होती. मेकॅनिक प्रामाणिक होता. म्हणाला, “मगे इतको तापलो कित्याक?”

समुद्राकडच्या बाजूच्या कॉइलवर बोट फिरवलं, तर ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या भुकटीसारख्या झडल्या. दुपारचे खारे वारे मीठ आणून टाकतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, हे स्वयंपाकघरातली बरणी सांगतेच. कोकणातल्या रात्री ते पाणी वाळतच नाही. तांब्याची नळी, तिला चिकटलेली ॲल्युमिनियमची पाती आणि मध्ये खारट पाणी, म्हणजे झाला विद्युतघट. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. पाती नळीपासून सुटली की उष्णता हवेत जायचा रस्ताच बंद. लिंबात तांबं आणि जस्त खुपसून शाळेत आपण हाच घट करायचो. वर टांगलेलं लिंबू कुठल्या पक्षाचं होतं, कोण जाणे!

मेकॅनिकने कॉम्प्रेसरच्या किमतीचा कागद घडी करून खिशात घातला आणि टेप काढून कॉइलची मापं घ्यायला बसला.