शिक्षण मंडळाच्या सदस्यांची निवडणूक

शिक्षण मंडळाच्या सदस्यांची निवडणूक : शालेय शिक्षणाचे धोरण, अभ्यासक्रम किंवा परीक्षा ठरवणाऱ्या राज्यस्तरीय मंडळावर सरकारने माणसे नेमण्याऐवजी ती मतदारांनी निवडून देण्याची पद्धत. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेतील काही राज्यांत आढळते. सर्वसाधारण मतदारांनी थेट मत देऊन राज्य मंडळ निवडावे, अशी प्रथा भारतात नाही. इथे मत शाळेपर्यंत पोचते ते आडवळणाने. ही वळणे कोणती, हे कोल्हापूर जिल्ह्यात फार स्पष्ट दिसते.

अमेरिकेत राज्य शिक्षण मंडळाची सुरुवात नेमणुकीनेच झाली. मॅसॅच्युसेट्सने १८३७ मध्ये असे मंडळ स्थापले आणि होरेस मान त्याचे पहिले सचिव झाले. आजही बहुतेक राज्यांत गव्हर्नर सदस्य नेमतात. टेक्सास, कॅन्सस, मिशिगन, अलाबामा, युटा, नेब्रास्का अशा राज्यांत मात्र मतदार सदस्य निवडतात. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा यांना राज्य मंडळच नाही. टेक्सासने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. १९८४ च्या शिक्षणसुधारणांत तिथले निवडून आलेले मंडळ जाऊन नेमलेले आले. १९८७ मध्ये लोकांनी मतदान करून पुन्हा निवडणूक मागितली. आज तिथे पंधरा मतदारसंघांतून पंधरा सदस्य निवडून येतात. अलाबामात मार्च २०२० मध्ये निवडणूक बंद करून नेमणूक आणण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी तो फेटाळला. हातात आलेले मत लोक सहजी सोडत नाहीत.

या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप कॅन्ससने पुरवला. तिथल्या दहा सदस्यांच्या निर्वाचित मंडळाने १९९९ मध्ये विज्ञानाच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांतीचा बराचसा भाग वगळला. विज्ञानात काय खरे, हे बहुमताने ठरू लागले तर मुलांचे नुकसान होते, हा आक्षेप खराच आहे. पण पुढचा भागही सांगायला हवा. २००० च्या निवडणुकीत मतदारांनी मंडळ बदलले आणि २००१ मध्ये उत्क्रांती परत आली. २००५ मध्ये मंडळाने उत्क्रांतीवर शंका घेणारा अभ्यासक्रम मंजूर केला, २००६ मध्ये पुन्हा मतदान झाले, २००७ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. चूक जाहीरपणे झाली आणि जाहीरपणे निस्तरली गेली. नेमलेल्या मंडळाची चूक निस्तरायला पालकांकडे निवेदन देण्यापलीकडे फारसे काही नसते, आणि प्रस्तुत लेखकाला या वादात हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६५ च्या अधिनियमाने स्थापन झाले. दहावी आणि बारावीच्या परीक्षा ते नऊ विभागीय मंडळांमार्फत घेते. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. राज्य मंडळाच्या अध्यक्षांची नेमणूक राज्य सरकार करते. पालक म्हणून कुणाला तिथे मत नाही.

ही गोष्ट कोल्हापुरात विशेष खटकते, कारण हा निवडणुकांचा जिल्हा. साखर कारखाना, जिल्हा बँक, ‘गोकुळ’ दूध संघ, गावची सेवा सोसायटी, शिक्षकांची पतसंस्था, सगळीकडे पॅनेल पडते, चिन्हे मिळतात, प्रचाराच्या गाड्या फिरतात. दूध संघाच्या निवडणुकीत तर संस्थेने ठराव करून आपला मतदार पाठवायचा असतो. ‘ठरावधारक’ हा शब्द इथे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. गायीच्या दुधाचा दर ठरवणारा संचालक निवडण्यात ज्या घराचा हात असतो, त्या घराला मुलाची दहावीची परीक्षा घेणाऱ्या बोर्डावर कोण बसते याची दाद ना फिर्याद. उलट बाजूही इथल्याच अनुभवातली आहे : संस्थेची निवडणूक म्हटली की गटातटाचे राजकारण आलेच, आणि बोर्डाच्या परीक्षेला त्याची झळ लागू नये असे अनेक शिक्षकांना मनापासून वाटते.

शिक्षणावर मताचा ताबा एके काळी शहरात याहून जवळचा होता. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने नगरपालिकांना शिक्षण मंडळे दिली. त्यांवर नगरसेवकांच्या मतांनी निवडलेले सदस्य असत. २०१३ मध्ये राज्याने हा कायदा रद्द केला आणि ही मंडळे मोडीत काढण्याची वाट मोकळी झाली. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची शिक्षण समिती असते. तिचे सदस्य निवडून आलेल्या परिषद सदस्यांमधून येतात. पण मार्च २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. निवडणुकाच लांबल्या की ही समितीही उरत नाही.

विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची वाट आणखी अरुंद आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार माध्यमिक किंवा त्यावरच्या दर्जाच्या संस्थेत शिकवणाऱ्यांनाच तिथे मत आहे. कोल्हापूर हे पुणे शिक्षक मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर यांच्यासोबत येते. पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना या निवडणुकीत मत नाही.

मताशिवायही मोठे काम होऊ शकते, याचा सर्वांत मोठा दाखलाही कोल्हापूरचाच. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. हे कुठल्याही मतपेटीतून आले नव्हते, आणि त्या काळच्या मतदानात ज्यांना स्थान मिळाले नसते अशांच्याच मुलांसाठी ते होते. नेमणुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांना याहून भक्कम आधार सापडणार नाही. फक्त तसा राजा हुकमी मिळत नाही.

पालकांचे थेट मत आज एका ठिकाणी उरले आहे : शाळा व्यवस्थापन समितीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. पालकसभेत नावे पुढे येतात, तिथेच निवड होते. समिती शाळेच्या कामावर देखरेख ठेवते, मिळालेल्या अनुदानाचा खर्च पाहते, शाळा विकास आराखडा करते. अभ्यासक्रम आणि परीक्षा तिच्या अधिकारात येत नाहीत.