परतावा, लाभांश की सूट? सभासदांच्या किराणा भांडारातील वाढाव्याची पार्श्वभूमी

वर्ष संपते, हिशेब तपासून होतात, भाडे, पगार, वाहतूक आणि नासधूस वजा जाऊन काही रक्कम शिल्लक राहते. सभासदांच्या मालकीच्या किराणा भांडारात या शिलकीचे काय करायचे, हा प्रश्न दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे येतो. एक सभासद, एक मत हे तत्त्व आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र उरलेल्या रकमेला म्हणायचे काय, यावरच एकवाक्यता नाही. हिशेबनीस तिला नफा म्हणतो, सहकाराच्या परिभाषेत ती वाढावा असते, सभासदाच्या तोंडी लाभांश येतो आणि गल्ल्यावरच्या पावतीवर सूट किंवा बचत असे छापलेले असते. हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात, पण प्रत्येकाच्या पोटात ही रक्कम मुळात कोणाची, याचे वेगळे उत्तर दडलेले आहे. सहकारी किराणा व्यवहाराचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बराचसा या उत्तराभोवतीच फिरला आहे.

आरंभीचा भाग थोडक्यात सांगता येतो. स्कॉटलंडमधील फेनिक या खेड्यात विणकरांनी १७६१ मध्ये संघटना स्थापन केली आणि १७६९ मध्ये घाऊक भावाने धान्य आणून ते आपल्या सभासदांना सवलतीने विकायला सुरुवात केली. म्हणजे फायदा खरेदीच्या क्षणीच, कमी भावाच्या रूपाने हातात पडत होता. इंग्लंडमधील रॉचडेल येथेही १८३० च्या दशकात सहकारी दुकानाचा एक प्रयत्न होऊन गेला होता. त्या दुकानाने माल उधारीवर दिला, वसुली झाली नाही आणि दोन वर्षांत दुकान बंद पडले. त्याच गावात २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर दुसरे दुकान उघडले, तेव्हा आधीचा अनुभव ताजा होता. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल घेऊन सुरू झालेल्या या दुकानाने उधारी बंद ठेवली आणि त्याहून महत्त्वाचा एक निर्णय घेतला: माल बाजारभावानेच विकायचा आणि खर्च भागल्यावर उरलेली रक्कम ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात ठरावीक मुदतीने सभासदांना परत द्यायची. ही कल्पना अगदीच नवी नव्हती. त्याआधीही काही दुकानांनी ती वापरून पाहिली होती. पण जगभर ती गेली ती रॉचडेलच्या नावाने.

या निर्णयामागे व्यवहारातली समज होती. भाव पाडून विकायचे तर आपला खर्च नेमका किती येणार हे आधी ठाऊक असावे लागते, आणि नव्या दुकानाला ते कधीच ठाऊक नसते. अंदाज चुकला की तोटा थेट भांडवलाला भिडतो. बाजारभावाने विकल्यास चुकीला जागा राहते, आसपासच्या दुकानदारांशी उघड भावयुद्ध होत नाही आणि मुदत संपेपर्यंत सभासदांचा पैसा दुकानातच खेळते भांडवल म्हणून राबतो. शिवाय आठवड्याच्या बाजारातून कधीच न साठणारी रक्कम सभासदाच्या हाती एकगठ्ठा येते. कामगार कुटुंबांना या शेवटच्या गोष्टीचे मोल सर्वांत अधिक होते. मुलांचे बूट, हिवाळ्याचे कपडे, थकलेले भाडे यांची तजवीज या रकमेच्या भरवशावर होत असे.

ही पद्धत चालवण्यासाठी प्रत्येक सभासदाची खरेदी नोंदवावी लागे, आणि तेव्हा ते काम सोपे नव्हते. आरंभी अनेक दुकानांनी धातूच्या चकत्या वापरल्या. जितक्या रकमेचा माल तितक्या किमतीच्या चकत्या ग्राहकाच्या हातावर ठेवल्या जात, घरी त्या डब्यात साठत आणि हिशेबाच्या दिवशी दुकानात मोजून परत घेतल्या जात. त्या हरवत, उसन्या दिल्या जात आणि त्यांची नक्कलही होऊ शके. पुढे क्रमांकाची पद्धत आली. गल्ल्याशी उभे राहून सभासद आपला क्रमांक सांगे, विक्रेता तो आणि रक्कम चिठ्ठीवर लिहून एक प्रत ग्राहकाला देई व दुसरी हिशेबाच्या कागदावर जाई. दुकानात धाडलेल्या मुलांना आईचा क्रमांक तोंडपाठ करावा लागे, आणि ब्रिटनमधील कित्येकांना म्हातारपणीही तो आठवत असे. दुकान आपले आहे ही जाणीव घटनेच्या पुस्तिकेपेक्षा या चार आकड्यांनी अधिक रुजवली, असे मला वाटते.

शब्दांचा गुंता इथूनच सुरू होतो. रॉचडेलच्या परंपरेत खरेदीच्या प्रमाणात परत मिळणाऱ्या रकमेला डिव्हिडंड म्हणत, आणि भागभांडवलावर, म्हणजे सभासदाने घेतलेल्या भागांच्या (शेअरच्या) रकमेवर, मिळत असे ते मर्यादित दराचे व्याज. कंपनीच्या व्यवहारात मात्र डिव्हिडंड म्हणजे भागांवर वाटलेला नफा. मराठीत डिव्हिडंडला लाभांश हा प्रतिशब्द रुळला तो या दुसऱ्या अर्थाने. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यानेही हाच अर्थ पक्का केला: सभासदाने धारण केलेल्या भागांच्या प्रमाणात नफ्यातून दिलेली रक्कम तो लाभांश, आणि संस्थेशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात दिलेली रक्कम तो बोनस. म्हणजे इंग्लंडमधले दुकान ज्याला डिव्हिडंड म्हणे ते आपल्याकडच्या कायद्यात बोनस ठरते, आणि तिथले भागभांडवलावरचे व्याज जवळपास आपल्या लाभांशाच्या जागी येते. त्यात बोनस म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नोकरदाराला मालकाकडून मिळणारी जादा रक्कम उभी राहते. स्वतःचेच जास्त घेतले गेलेले पैसे परत मिळत आहेत, हा अर्थ लाभांशातही उमटत नाही आणि बोनसमध्येही नाही.

हा केवळ भाषाशुद्धीचा मुद्दा नाही. समजा, एका सभासदाकडे एकच भाग आहे आणि त्याच्या घरचा वर्षाचा सगळा किराणा भांडारातून येतो. दुसऱ्याकडे शंभर भाग आहेत, पण तो दुकानाची पायरी चढत नाही. खरेदीवर शंभरामागे तीन असे वाटप झाले, तर जे काही मिळेल ते पहिल्याला मिळेल आणि दुसऱ्याला काहीच नाही. भागांवर वाटप झाले, तर पहिल्याने गल्ल्यावर भरलेला पैसा दुसऱ्याच्या खिशात जाईल. दोन्ही ठराव सभेत लाभांश मंजूर या एकाच शब्दांत मांडता येतात, हीच अडचण आहे. परतावा हा शब्द या कामी सर्वांत प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे. ग्राहक आपल्याच दुकानातून आपल्याच मालाची खरेदी करतो तेव्हा नफा होत नाही, अंदाजाने जास्त घेतलेले पैसे तेवढे शिल्लक राहतात आणि ते परत करायचे असतात, हे या एका शब्दात सामावते.

परतावा जितका मोठा तितके दुकान चांगले, असा समज ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दृढ झाला होता, आणि त्यातून एक गंभीर दोष निर्माण झाला. मोठा परतावा देण्यासाठी भाव चढे ठेवावे लागत. ज्यांच्या हाती रोजच्यापुरतेच पैसे, त्यांना तीन महिन्यांनंतरच्या परताव्यासाठी आज जास्त दाम मोजणे परवडत नसे. सहकारी चळवळीतील स्त्री सभासदांच्या संघटनेने ही गोष्ट लावून धरली. सभासदत्वाची प्रवेश रक्कम आणि मोठा परतावा यांच्यामुळे सर्वांत गरीब घरे दुकानाबाहेरच राहतात, असे तिचे म्हणणे होते. तिच्या आग्रहाने १९०२ मध्ये संडरलंड येथील गरीब वस्तीत अगदी थोड्या प्रमाणात माल विकणारी शाखा उघडण्यात आली. तो प्रयोग जेमतेम दोन वर्षे चालला. तो बंद झाला तरी स्वस्त भाव की मोठा परतावा हा प्रश्न उरलाच.

विसाव्या शतकात बाहेरच्यांनीही या रकमेला आपापली नावे दिली. ठरावीक भावाखाली माल विकू न देणाऱ्या काही उत्पादकांनी परतावा ही छुपी सूटच आहे असे ठरवून सहकारी दुकानांना माल देण्याचे नाकारले, किंवा आपल्या मालावर परतावा देऊ नये अशी अट घातली. खासगी दुकानदारांचा आक्षेप नेमका उलट होता: हा नफा आहे, तर त्यावर नफ्याप्रमाणेच कर हवा. १९३३ मध्ये ब्रिटिश सरकारने दुकानात शिल्लक राहणारा, सभासदांना न वाटलेला वाढावा कराखाली आणला. सभासदांना दिलेला परतावा मात्र त्यातून वगळला. अमेरिकेत १९६२ च्या करकायद्याने अशीच वाट धरली. परताव्यापैकी निदान वीस टक्के रोख दिले, तर ठरावीक अटींवर उरलेली रक्कम सभासदाच्या नावे टाकून भांडारात ठेवता येते आणि तिच्यावर भांडाराला कर लागत नाही. घरगुती वापराच्या मालावरचा परतावा तिथे सभासदाचे उत्पन्नही धरला जात नाही, कारण त्याने स्वतःच्या खरेदीवर जे जास्त दिले तेच त्याला परत मिळालेले असते. सहकारी कार्यकर्ते शंभर वर्षे जे सांगत आले, ते अखेर करकायद्याने मान्य केले.

स्वतः चळवळीची भूमिका मात्र याच काळात सैल होत गेली. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९३७ मध्ये सहकाराची सात तत्त्वे निश्चित झाली तेव्हा खरेदीच्या प्रमाणात वाढाव्याची वाटणी हे पहिल्या चार, म्हणजे बंधनकारक तत्त्वांपैकी एक होते. रोखीचा व्यवहार उरलेल्या तिघांत होता. १९६६ च्या फेरमांडणीत रोखीचे तत्त्व गळाले, आणि वाढाव्याबद्दल एका सभासदाचा फायदा दुसऱ्याच्या नुकसानीतून होऊ नये एवढे बंधन ठेवून विकास, सामायिक सेवा आणि व्यवहाराच्या प्रमाणात वाटप असे तीन मार्ग मोकळे झाले. १९९५ मध्ये मँचेस्टरला स्वीकारलेल्या मांडणीत राखीव निधी, आणि त्यातला काही भाग तरी कधीही न वाटला जाणारा, हा पर्याय पुढे आला. शंभर वर्षे जी गोष्ट सहकारी दुकानाची ओळख होती, ती आता अनेक पर्यायांपैकी एक झाली. ही लवचिकता मला सर्वस्वी चुकीची वाटत नाही. पण वाढावा संचालक मंडळाच्या हाती ठेवणे त्यामुळे सोपे झाले, हे नाकारता येत नाही.

या बदलामागे बाजाराचा रेटा होता. ब्रिटनमध्ये ग्राहकाने स्वतः माल उचलण्याची पद्धत १९४२ पासून सहकारी दुकानांनीच आणली, आणि १९५० च्या सुमारास तिथली बहुतेक स्वयंसेवा दुकाने सहकारी होती. तरीही पुढच्या वीस वर्षांत खासगी साखळ्या पुढे गेल्या. १९६४ च्या कायद्याने उत्पादकांनी विक्रीभाव ठरवून देण्याची प्रथा मोडीत निघाली आणि भाव उघडपणे पाडता येऊ लागले. समोरच्या दुकानात आज, इथेच कमी भाव मिळत असताना तीन महिन्यांनी मिळणाऱ्या परताव्याची ओढ कमी होणे स्वाभाविक होते. नफा घटला, परताव्याचा दर घसरला, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या जागी खरेदीवर मिळणारी, पुस्तिकेत चिकटवायची तिकिटे आली. तिकिटे कोणालाही मिळत, सभासद असो वा नसो. गल्ल्याशी क्रमांक सांगणे थांबले आणि सभासद व ग्राहक यांच्यातली रेघ पुसट झाली. या एका निर्णयाने जे गमावले, ते पुढे कार्डांच्या योजनांनी पुरते परत मिळालेले नाही.

इतरत्र त्याच सुमारास वेगळे मार्ग शोधले जात होते. कॅनडात काही भांडारांनी बाजारभाव आणि परतावा दोन्ही सोडले: सभासदाने दुकान चालवण्याच्या खर्चापोटी ठरावीक वर्गणी भरायची आणि माल जवळपास खरेदीच्या भावाने घ्यायचा. वर्गणी आधी घेतलेली असल्याने वाढाव्याचा प्रश्न फारसा उरत नाही, आणि वर्गणी वसूल करायची म्हणून दारे सभासदांपुरतीच उघडी ठेवावी लागतात. जपानमध्ये १९४८ च्या कायद्याने बिगरसभासदांना विक्री करण्यावर निर्बंध घातले आणि १९६० च्या दशकात शेजारच्या घरांचे गट करून एकत्र मागणी नोंदवण्याची पद्धत वाढली. टोकियोतील एका गटाने १९६५ मध्ये दुधाच्या एकत्रित खरेदीने सुरुवात केली होती. मागणी आधीच नोंदवलेली असल्याने नासधूस कमी होते आणि भावाचा अंदाज सहसा चुकत नाही. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९७३ मध्ये सुरू झालेल्या भांडारात प्रत्येक सभासदाला दर काही आठवड्यांनी पाळी लावून काम करावे लागते: माल उतरवणे, फळ्या भरणे, गल्ला सांभाळणे. पगाराचा खर्च वाचतो, भाव खाली राहतात आणि परतावा वर्षअखेरीची वाट न पाहता रोजच्या भावातच मिळतो. पॅरिसमध्ये २०१६ मध्ये त्याच धर्तीवर उघडलेले भांडार ही पद्धत फ्रान्समध्ये घेऊन आले. फेनिकच्या विणकरांची वाट इथे जवळजवळ पूर्ण वळसा घालून परत येते, फरक एवढाच की आता खर्चाचा नेमका अंदाज बांधणारी यंत्रे हाताशी आहेत.

परतावा देणाऱ्या भांडारांपुढे आज मुख्य अडचण त्याच्या न दिलेल्या भागाची आहे. सभासदाच्या नावे जमा केलेली पण भांडारात ठेवलेली रक्कम ताळेबंदात भांडवलासारखी दिसते आणि सभासदाला ती ठेव वाटते. गाव सोडून गेलेला सभासद ती मागतो, मयत सभासदाचे वारस मागतात, आणि शीतपेट्या बदलायला काढलेले कर्ज फेडत असलेले संचालक मंडळ ती देऊ शकत नाही. काही भांडारे त्यासाठी सर्वांत जुन्या वर्षाची रक्कम सर्वांत आधी फेडण्याचा क्रम पाळतात, आणि हा क्रम पोटनियमांत लिहिलेला नसेल तर दरवर्षी तो पुढे ढकलला जातो. बिगरसभासदांच्या खरेदीतून आलेला वाढावा वेगळा मोजून न वाटण्याच्या राखीव निधीत टाकणे हाही याच हिशेबाचा भाग आहे, कारण तो पैसा कोणत्याही सभासदाने जास्त भरलेला नसतो. ही विभागणी करायची तर गल्ल्यावर प्रत्येक वेळी सभासद क्रमांक विचारावा लागतो आणि प्रत्येक पावतीवर तो उमटावा लागतो.