पहिल्या पोस्टिंगमागची गोष्ट

अर्धांगवायू झालेले एक काका शर्टाचं तिसरं बटण लावत होते. उजवा हात साथ देत नव्हता. डाव्या हाताच्या अंगठ्याने ते बटण काजात ढकलायचे आणि ते निसटायचं. शेजारी पहिल्याच पोस्टिंगवर, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणावर, आलेली व्यवसायोपचाराची विद्यार्थिनी वही घेऊन उभी होती. मदतीला तिचा हात दोनदा पुढे झाला, दोनदा तिने तो आवरला. त्या दिवशी तिने एवढंच शिकायचं होतं: माणूस अडतो नेमका कुठे, ते बघायचं.

व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) म्हणजे आजारानंतर किंवा दुखापतीनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठीचा उपचार. त्याच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला नुसतं बघायला का पाठवतात, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत १९१७ साली या व्यवसायाची पहिली संघटना उभी राहिली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांकडून विणकाम, सुतारकाम करून घेत त्यांचे हात आणि उमेद परत आणण्याचं काम तेव्हा सुरू झालं. उपचार काम करवून घेण्यातूनच होता. म्हणून माणूस काम कसं करतो हे पाहता येणं, हेच शिक्षणाचं पहिलं अंग ठरलं.

मुंबईत हे शिक्षण आलं कमलाबाई निंबकरांमुळे. जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. या विषयाचं शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतलं आणि १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती जागेची निवड. केईएमसारख्या पालिकेच्या रुग्णालयात गिरणगावातले कष्टकरी, चाळीतल्या बायका, कोकणातून उपचारांसाठी आलेली माणसं रोज येतात. वर्गातून उठून वॉर्डात जायला मुलांना चार पायऱ्या पुरतात.

१९५२ साली ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ उभा राहिला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. महासंघाच्या निकषांनुसार विद्यार्थ्याने किमान १००० तास प्रत्यक्ष क्षेत्रकाम करायलाच हवं. आपल्याकडच्या पदवीत शेवटचा काळ इंटर्नशिपचा असतो. त्याआधीच्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थी आधी नुसता बघतो, मग नोंदी करतो, मग ज्येष्ठांच्या नजरेखाली रुग्णासोबत काम करतो.

हा क्रम कुणी उलटा करू नये, असं मला मनापासून वाटतं. घाईने मदत करणारा विद्यार्थी रुग्णाची अडचणच झाकून टाकतो. आणि वॉर्डातली अडचण ही पूर्ण अडचण नसतेच. पलंगाशेजारी सहज उठून बसणाऱ्या बाईला घरी जमिनीवर बसून भाकरी थापायची असते. तिथे परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं टाकायचं, हे पुस्तकात सापडत नाही. ओट्याशी, चुलीशी बसून बघितलेल्यालाच ते सुचतं.

काकांनी अकराव्या प्रयत्नात बटण लावलं. विद्यार्थिनीने वेळ टिपली आणि खाली एक प्रश्न लिहिला, ‘घरी यांना शर्ट कोण घालतं?’ पुढच्या आठवड्यात ती काकांच्या चाळीत गेली. वहीत मोरीच्या उंबरठ्याची उंची, कपड्यांच्या दांडीची उंची आणि सार्वजनिक संडासापर्यंतची पावलं मोजून टिपून आली.