बालगृहात फिल्डवर्क करायचंय? अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

जून लागला की समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. "ताई, मला मुलांसोबत काम करायचंय. बालगृहात अर्ज कसा करू?" पहिलं उत्तर हेच की अर्ज तुम्ही करायचा नसतो, तुमच्या कॉलेजने करायचा असतो. विद्यार्थी एकटाच फाटकावर जाऊन उभा राहिला तर त्याला आत सोडत नाहीत, आणि सोडूही नये. मी आज फिल्डवर्कच्या विद्यार्थ्यांवर देखरेख करते. त्याआधी दोन वर्षं मी स्वतः अशाच एका घरात आठवड्याचे दोन दिवस जात होते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या अडचणी मला ठाऊक आहेत.

एवढी कडक शिस्त कशासाठी, हे गोव्यातल्या माणसाला तरी कळायला हवं. 1991 मध्ये मडगावात फ्रेडी पीट्सला अटक झाली. तो निराधार मुलग्यांचा आश्रम चालवत होता, लोक त्याला समाजसेवक समजत होते, आणि त्याच छपराखाली मुलांचं लैंगिक शोषण चाललं होतं. 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे 2003 मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतःचा कायदा केला. म्हणून तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला तर तो अपमान समजू नका. मुलांजवळ येणारा प्रत्येक माणूस आधी तपासलाच पाहिजे.

पात्रता

वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत. बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याच्या पदवी आणि पदव्युत्तर, विद्यार्थ्यांसाठी फिल्डवर्क हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो, साधारण आठवड्याला दोन दिवस, म्हणजे पंधराएक तास. मानसशास्त्र, समुपदेशन आणि कायद्याचे विद्यार्थीही येतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता इतर पदवीचे विद्यार्थीही इंटर्नशिपसाठी विचारतात. तिथे एका श्रेयांकाला (क्रेडिटला) 30 तास असा हिशेब असतो. त्यांना माझा प्रामाणिक सल्ला असा की, फक्त तास भरायचे असतील तर बालगृह निवडू नका. अंगणवाडी किंवा ग्रंथालयातही तास भरतात.

दोन अटी विद्यार्थ्याच्या हातात नसतात, पण विचारून घेणं त्याच्या हातात असतं. एक, कॉलेजने तुमच्यासाठी पर्यवेक्षक शिक्षक नेमलेला असावा. दुसरी, संस्था बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 41 खाली नोंदणीकृत असावी. ही नोंदणी पाच वर्षांची असते. प्रमाणपत्र बघायला मागा आणि मुदतीची तारीख वाचा. विनानोंदणी संस्था चालवणं हा गुन्हा आहे, आणि तिथे केलेल्या फिल्डवर्कला काहीच अर्थ उरत नाही.

घर कोणतं हे आधी ठरवा

'बालगृह' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण कायद्याने घरं वेगवेगळी आहेत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं बाल कल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात येतात. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. ज्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप आहे ती बाल न्याय मंडळाच्या आदेशाने निरीक्षणगृहात असतात. दत्तक संस्थांत तान्ही बाळं असतात, तर खुल्या निवाऱ्यात रस्त्यावरची मुलं थोड्या दिवसांसाठी राहतात. मेरशीचं 'अपना घर' सरकारी आहे. बाकी बरीच घरं स्वयंसेवी किंवा धर्मादाय संस्था चालवतात.

भाषेचाही विचार करा. घरातली मुलं फक्त कोंकणी-मराठी बोलणारी नसतात. उत्तर कर्नाटकातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुलं बरीच असतात, त्यांच्या तोंडी कानडी किंवा लमाणी असते. वास्को किंवा मडगावच्या वस्त्यांतून आलेलं मूल हिंदी-कोंकणी मिसळून बोलतं. तुम्हाला थोडी कानडी येत असेल तर अर्जात आवर्जून लिहा. संस्थेला अशा विद्यार्थ्याची खरी गरज असते.

अर्जाची वाट

विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र संस्थेच्या अधीक्षकांच्या नावे जातं. सरकारी घर असेल तर पत्र पणजीतल्या महिला आणि बाल विकास संचालनालयाकडे द्यायचं आणि परवानगी वरून खाली येते. त्यामुळे वेळ जास्त लागतो. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून परत घ्या. चौकशीला गेल्यावर हा क्रमांक सांगितला की फाईल सापडते. परवानगी आली की अधीक्षक किंवा समाजकार्यकर्ता मुलाखत घेतात. "मुलं मला आवडतात" हे उत्तर तिथे पुरत नाही. आठवड्यातले कोणते दोन दिवस येणार, काय करणार आणि शेवटचा दिवस कोणता, हे नेमकं सांगता आलं पाहिजे.

प्रबंधासाठी मुलांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर ती वेगळी परवानगी. फिल्डवर्कच्या पत्रावर संशोधन करू नका.

कागदपत्रं

कॉलेजचं पत्र, तुमचा अर्ज, कॉलेजचं ओळखपत्र, आधार कार्ड, मागच्या परीक्षेची गुणपत्रिका, दोन फोटो, डॉक्टरांचा प्रकृती ठीक असल्याचा दाखला, फिल्डवर्कचा आराखडा आणि वेळापत्रक, गोपनीयतेचं हमीपत्र, आणि संस्थेचं बाल संरक्षण धोरण वाचून केलेली सही. मूळ कागद बरोबर ठेवा, झेरॉक्सवर स्वतःची सही करा. तान्ह्या बाळांच्या घरात जाणार असाल तर डॉक्टरांचा दाखला नाममात्र समजू नका. साधा खोकला असला तरी त्या दिवशी जायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो पोलिसांच्या चारित्र्य दाखल्यात. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या 2020 च्या नियमांनुसार मुलांच्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी लागते, आणि जबाबदार संस्था तोच नियम विद्यार्थ्यांनाही लावतात. माझे यात तीन आठवडे गेले. आधारवर सत्तरी तालुक्यातल्या गावाचा पत्ता, मी राहत होते ताळगावला खोली घेऊन. गावच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, तू इथे राहत नाहीस. ताळगावच्या बाजूला म्हणाले, तुझा पत्ता इथला नाही. शेवटी घरमालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली तेव्हा गाडी पुढे सरकली. तोवर माझ्या वर्गातल्या मुली कामाला लागल्या होत्या आणि मी वर्गात बसून होते. तुम्ही खोली घेऊन राहत असाल तर भाडेकरू नोंदणी झाली आहे का, हे मे महिन्यातच घरमालकाला विचारा.

सही करण्याआधी हमीपत्र वाचा

हमीपत्र एका पानाचं असतं, म्हणून विद्यार्थी न वाचता सही ठोकतात. त्यामागे बाल न्याय कायद्याचं कलम 74 आहे. मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चवथीच्या सजावटीसमोर मुलांबरोबर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकायचा नाही. चेहऱ्यावर स्माईली चिकटवूनही नाही, कारण मागची भिंत ओळखणारे लोक असतात.

हेच फिल्डवर्कच्या वहीलाही लागू. माझ्या पहिल्या नोंदीत मी एका मुलीचं खरं नाव, वाडा आणि शाळेचं नाव लिहिलं होतं. माझ्या पर्यवेक्षक बाईंनी वही वाचली, मिटली आणि विचारलं, "ही वही तू कदंबा बसमध्ये विसरलीस तर?" ती पानं मी त्यांच्यासमोर फाडली आणि 'क्ष' लिहून सगळं पुन्हा उतरवलं.

मूल तुमच्याशी बोलू लागलं की एक दिवस म्हणेल, "कोणाला सांगू नको हां." तेव्हा "नाही सांगणार" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, विद्यार्थ्यावरसुद्धा. न कळवणं हाही गुन्हा आहे. मुलाला शांतपणे सांगा, "तुला मदत करू शकेल अशा माणसाला मला हे सांगावं लागेल." त्याला उलटसुलट प्रश्न विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्याच दिवशी अधीक्षक आणि पर्यवेक्षकांना द्या, आणि तक्रार पोलिसांपर्यंत पोचली की नाही याची खात्री करा. आरोप घरातल्याच माणसावर असेल तर थेट पोलिसांकडे जा. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

तारीख सांगून जा

पहिल्याच आठवड्यात एका मुलाने मला विचारलं, "तूं कितले दीस येतली?" मी म्हटलं, बरेच दिवस. त्याने वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे पेन्सिलीने चार दीदींची नावं लिहिलेली होती, चारही खोडलेली. माझ्या आधी येऊन गेलेल्या विद्यार्थिनी. पाचवं नाव माझं लिहिलं आणि पेन्सिल हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मी पर्समधलं वेळापत्रक काढलं आणि शेवटची तारीख त्याला नावापुढे लिहायला लावली. त्यानंतर दर आठवड्याला तो मला किती फेऱ्या उरल्या ते सांगायचा.

म्हणून आराखड्यात समारोपाचे निदान दोन आठवडे वेगळे दाखवा. मी ते नसलेले आराखडे परत पाठवते. स्वतःचा फोन नंबर मुलांना देऊ नका, "मी परत येईन" म्हणू नका, महागड्या भेटी आणू नका. तुम्ही एखाद्या मुलाबरोबर वाचनाचं किंवा हिशेबाचं काही सुरू केलं असेल तर ते पुढे कोण चालवणार, हे घरातल्या समाजकार्यकर्त्याशी बोलून लिहून द्या. मुलाची वैयक्तिक काळजी योजना, म्हणजे नमुना 7, त्यांच्याकडे असते. तुमची निरीक्षणं त्यांना तिथे उपयोगी पडतात.

शेवटी हजेरीपत्रकावर अधीक्षकांची सही, मूल्यमापनाचा बंद लिफाफा आणि फिल्डवर्क पूर्ण केल्याचा दाखला घ्यायचा. संस्थेने दिलेलं ओळखपत्र परत केल्याशिवाय हा दाखला मिळत नाही, तेव्हा ते त्या दिवशी घरी विसरू नका.