हिप्पी व्हॅनचे रंग कंपनीचे नव्हते

‘फुलाफुलांची, इंद्रधनुषी फोक्सवॅगन व्हॅन म्हणजे ६०च्या दशकातला अस्सल कंपनी-रंग, म्हणून ती महाग,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

१९५० पासून जर्मनीत बनलेली ही ‘टाइप २’ गाडी कारखान्यातून साध्या एकरंगी किंवा दुरंगी रूपात यायची. बरीचशी मालवाहू, बाकीची कुटुंबाची. जुनी झाल्यावर ती स्वस्तात मिळे, म्हणून अमेरिकेतल्या तरुणांनी घेतली आणि स्वतः रंगवली. १९६९च्या वुडस्टॉक या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवात छायाचित्रांमुळे गाजलेली ‘लाइट’ ही व्हॅनसुद्धा बॉब हायरोनिमस या चित्रकाराने हाताने रंगवलेली होती. मूळ गाडी पुढे सापडलीच नाही. आज दिसते ती पन्नास वर्षांनी केलेली प्रतिकृती.

त्यामुळे विकणारा ‘ओरिजिनल हिप्पी पेंट’ म्हणाला, तर आधी पुढच्या सीटमागची छोटी धातूची पट्टी शोधा. ती शाबूत असेल तर तिच्यावरच्या आकड्यांत कारखान्याच्या रंगाचा कोड मिळतो. मग दाराच्या बिजागरीजवळ आणि डॅशबोर्डखाली बघा, तिथे जुना रंग बहुधा उरलेला असतो.

खरी भीती रंगाखालच्या पत्र्याची. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी आणि बॅटरीखालच्या पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे गंज खाल्लेल्या जागी पुट्टी भरलेली असण्याची दाट शक्यता आहे. झगमगीत चित्रकाम हे झाकायला फार सोयीचं पडतं, आणि पत्राकामाचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीवर जातो.