जैसलमेर, लोंगेवाला, तनोट : टूरला निघायच्या आधी एकदा वाचून घ्या

नमस्कार मंडळी. बुकिंगला आले की बरेच जण पहिलं हेच विचारतात, पोखरणची रेंज आतून दाखवणार का? तर नाही. ती चालू फायरिंग रेंज आहे, तिथं तोफा, रणगाडे, विमानं खऱ्या दारूगोळ्यानं सराव करतात, आपल्यासारख्यांना आत सोडत नाहीत आणि कुणी एजंट ओळखीनं आत नेतो म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. जोधपूरहून जैसलमेरला जाताना पोखरण वाटेतच लागतं. १८ मे १९७४ ला पहिली अणुचाचणी आणि मग मे १९९८ मध्ये ११ आणि १३ तारखेला पुढच्या पाच, सगळ्या याच रेंजमध्ये झाल्या. गाडी थांबवून चहा घेऊ, त्या दिवसांबद्दल बोलू आणि पुढं निघू.

मग बघायचं काय? आमच्या मते या टूरमध्ये बघायची मुख्य गोष्ट म्हणजे वाळू. इथं सैन्याला एवढा सराव का करावा लागतो, लढाया कशा जिंकल्या-हरल्या गेल्या, राजधान्या का हलल्या, सगळ्याचं उत्तर वाळू आणि पाण्यात आहे. जैसलमेरला वर्षभरात साधारण २०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, आपल्याकडे जुलैत एखाद्या चांगल्या आठवड्यात तेवढा होऊन जातो.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही लोंगेवालाला ठेवलाय. जैसलमेरपासून रामगढमार्गे साधारण १२० किलोमीटर. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री या ठाण्यावर २३ पंजाब बटालियनची एक कंपनी होती, शंभर-सव्वाशे जवान, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी कमांडर, आणि समोरून चाळीसच्या वर रणगाडे घेऊन पाकिस्तानी फौज आली. मागे हटायचा पर्याय होता पण चांदपुरी साहेब हटले नाहीत. त्यांच्याकडे जीपवर बसवलेली रिकॉइललेस (रणगाडे फोडणारी हलकी) तोफ होती आणि घाईघाईत पेरलेले थोडे सुरुंग. ठाण्याभोवती काटेरी तार दिसली तेव्हा समोरच्यांना वाटलं पुढं मोठं सुरुंगक्षेत्र आहे, ते थांबले, आणि त्यात त्यांचा मोलाचा वेळ गेला. शिवाय रस्ता सोडून वळसा घालायला गेलेले रणगाडे मऊ वाळूत रुतून बसले. जैसलमेरच्या हवाई दलाच्या हंटर लढाऊ विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता त्यामुळे जवानांना उजाडेपर्यंत तग धरायचा होता, तो त्यांनी धरला, आणि पहाटे विमानं आल्यावर उघड्या वाळवंटात त्या रणगाड्यांना लपायला जागाच नव्हती. मेजर आत्मासिंग छोट्या कृषक विमानातून हंटरना टार्गेट दाखवत होते. त्या सकाळी वरून घेतलेल्या फोटोत रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा वाळूवर गोल गोल फिरलेल्या दिसतात, विमानांपासून वाचायला रणगाडे कसे सैरावैरा पळत होते ते त्यातून कळतं. फोटो नीट बघा. चांदपुरींना महावीरचक्र मिळालं.

तिथं रणगाडे आणि तोफा ठेवल्यात. सेल्फी घ्या, पण त्याआधी आवारातच वाळूत थोडं चालून बघा. आपला पाय रुततो, मग पाकिस्तान्यांचा टी-५९ रणगाडा तर ३६ टनांचा आहे.

आणि एक गोष्ट पुण्याच्या माणसाला माहीत असायलाच हवी. १९७१ ला हा सगळा सेक्टर सदर्न कमांडकडे होता, म्हणजे आपल्या कॅम्पातल्या हेडक्वार्टरकडे, आणि आर्मी कमांडर होते लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर, जे पुढं लष्करप्रमुख झाले. रोज ज्या रस्त्यानं आपण जातो त्याच्या कडेच्या ऑफिसचं काम त्या रात्री राजस्थानात चालू होतं हे आम्हाला फार मोठं वाटतं, मुलांना आवर्जून सांगा.

तनोट पुढं चाळीसेक किलोमीटर. १९६५ च्या लढाईत इथल्या तनोट मातेच्या मंदिराजवळ पडलेले पण न फुटलेले गोळे काचेत ठेवलेत. लोक देवीचा चमत्कार मानतात, पूजा-आरती बीएसएफचे जवान करतात, नवसाचे रुमाल बांधलेले दिसतील. भाटी राजपुतांची जुनी राजधानी इथलीच, नंतर लोद्रवा, आणि तिथं हल्ले व्हायला लागल्यावर ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधला, तो आजचा सोनार किल्ला. उंटांच्या तांड्यांच्या व्यापारावर हे शहर श्रीमंत झालं, मुंबई बंदर वाढलं तसा तो व्यापार आटला आणि फाळणीनंतर सिंधकडची वाटच बंद झाली. रामगढच्या बाजूला मध्येच हिरवी शेतं दिसली तर दचकू नका, ते इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आहे, पंजाबातल्या हरिकेहून आलेलं.

जैसलमेरचं वॉर म्युझियम २०१५ ला सुरू झालं, शहराबाहेर जोधपूर रोडवर आहे, ते आम्ही लोंगेवालाच्या आदल्या दिवशी ठेवतो कारण आधी नकाशे बघितले की दुसऱ्या दिवशी जागेवर जास्त कळतं. जमलं तर निघायच्या आधी एखाद्या रविवारी अहिल्यानगरचं रणगाडा म्युझियम पण करून या.

ओरिजिनल आधार कार्ड प्रत्येकानं स्वतःजवळ ठेवा, मोबाईलमधला फोटो चालेलच असं नाही. तनोटच्या पुढं बॉर्डरकडे जायला वेगळी परवानगी लागते आणि ती त्या दिवशी मिळेलच अशी खात्री आम्ही देत नाही, त्यामुळे त्याचे पैसेही आधी घेत नाही. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक बरोबर असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, त्यांचे नियम वेगळे आहेत. ड्रोन घरी ठेवा. जवानांचे, चौक्यांचे, गाड्यांच्या ताफ्याचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि वाळूत कुठंही लोखंडाचा तुकडा, नळीसारखं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लहान मुलांना हे दोनदा सांगा, लगेच आमच्या माणसाला हाक मारा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर, कानटोपी हवीच. बीपी-शुगरच्या गोळ्या पुरेशा घ्या, रामगढ सोडलं की मेडिकल दुकान मिळणं अवघड. आणि पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी.